डोळे मिटून उचललेल्या माश्या

४ जून

चिमटेबाई,

आधी 'आदरणीय मॅडम' लिहिलं होतं. ते बँकेतल्या बाईंना अर्ज केल्यासारखं दिसायला लागलं म्हणून कागद फाडला. अंबाड्यात चिमटा खोचून दिवसभर तोच चिमटा शोधणाऱ्या मुलीला दुसरं काय म्हणायचं, ते मला सुचत नाही. सहा वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. सर आहेत, मी आहे, तुझ्या काकूही आहेत. त्या या क्षणी माझ्या मागे उभ्या राहून हे वाचतायत आणि "मुद्द्यावर या" म्हणतायत.

मुद्दा असा की ऑक्टोबरअखेर मी निवृत्त होतोय. एकतीस वर्षं माश्यांचं जेवण शिजवलं, बाटल्या धुतल्या, कापसाची बुचं वळली. गल्लीत नव्याने राहायला आलेले लोक मला 'बाटलीवाले' म्हणतात आणि काकूंकडे दयेने बघतात. तर सध्या प्रयोगशाळेत आवराआवर चालू आहे, आणि त्यात तुझा एप्रन सापडला. खिशात एक ब्रश, अर्धी पेन्सिल आणि खोकल्याची गोळी होती. गोळी टाकून दिली. बाकीचं पाठवू का?

तुझा पत्ता ग्रंथपालबाईंकडून मिळाला. तू बियाण्यांच्या कंपनीत आहेस आणि पाकिटांच्या मागचा मजकूर लिहितेस असं त्या म्हणाल्या. मी त्याच संध्याकाळी टोमॅटोचं पाकीट आणून मागची बाजू वाचली. 'बी अर्धा इंच खोल पेरावे. पुरून टाकू नये.' यातलं दुसरं वाक्य कुणाचं, ते मला लगेच कळलं.

आणखी एक. अगदी सहज विचारतोय. तुझ्या त्या चोवीस बाटल्यांच्या वेळी माझ्या टेबलामागची खिडकी उघडी असायची की बंद, तुला काही आठवतं का? आठवत नसेल तर राहू दे.

तुझा,
काका

१७ जून

चिमटेबाई,

उत्तर आलं नाही. एप्रन नको असेल.

परवा जेवताना काकूंनी विचारलं, "त्या पोरीचं नेमकं झालं काय होतं? तुम्ही तेव्हा महिनाभर नीट जेवत नव्हता, पण सांगितलं कधी नाही." मग मी सांगितलं. काय सांगितलं ते इथे लिहितो. तू एकदा बघ, माझी समजूत बरोबर आहे का.

मी म्हटलं, समज चोवीस बाटल्या आहेत. प्रत्येकीत फळांवर बसतात तसल्या चिमुकल्या माश्या, निम्म्या लाल डोळ्यांच्या, निम्म्या पांढऱ्या डोळ्यांच्या. दर दोन आठवड्यांनी नवी पिढी येते, शेदोनशे माश्या होतात. त्यातल्या सोळाच उचलायच्या, आठ नर आणि आठ माद्या, आणि नव्या बाटलीत सोडायच्या. बाकीच्यांना रजा. उचलताना डोळ्यांचा रंग बघायचा नाही, जी हाताला येईल ती. आता सोळाच उचलल्या की बरोबर निम्म्या-निम्म्या कुठून येणार? एखाद्या वेळी पांढऱ्या दहा येतात, लाल सहा. पुढच्या पिढीत त्याच दहांची पोरंबाळं जास्त. असं होत होत एखादी बाटली पुरती पांढरी होते, एखादी पुरती लाल. त्यात कुणाचा गुण नाही की दोष नाही. नुसतं उचलण्यातलं नशीब. चोवीस बाटल्या असतील तर अंदाजे निम्म्या इकडे झुकतील, निम्म्या तिकडे.

काकू म्हणाल्या, "आणि पांढऱ्या डोळ्यांच्या आंधळ्या असतील तर? त्यांना जोडीदार कसा दिसणार?"

बघ, एकतीस वर्षं माझ्याबरोबर संसार केल्यावर माणूस असे प्रश्न विचारतो. मी सांगितलं की त्या पोरीने तोही विचार केला होता. पांढऱ्या डोळ्यांच्यांना उजेडात धड दिसत नाही, म्हणून तिने सगळ्या बाटल्या बंद कपाटात, काळोखात वाढवल्या. काळोखात सगळे सारखेच.

"मग?"

मग एकोणीस पिढ्यांनंतर चोवीसपैकी एकवीस बाटल्या पांढऱ्या झाल्या, दोन लाल झाल्या आणि एक मधेच राहिली. सर तिला म्हणाले, "चोवीस वेळा नाणं उडवलं आणि एकवीस वेळा छापा पडला, तर ते नाणं कुणाच्या खिशातलं आहे ते मी विचारणारच." ती म्हणाली, मी मोजलेलं बरोबर आहे. ते म्हणाले, मग उचलताना निवड झाली. ती म्हणाली, उचलण्याचं काम काका करतात, काकांना विचारा. सरांनी मला बोलावलं.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?" काकू.

मी म्हटलं, अगदी डोळे मिटून उचलल्या, सर.

म्हणजे दोष मोजणाऱ्या पोरीचा ठरला, आणि ती पीएच.डी. अर्धवट टाकून निघून गेली. काकू ताटं उचलून आत गेल्या. तू तेव्हा जसं बघितलं होतंस, साधारण तसंच त्यांनी बघितलं.

आता खिडकीचं. जुना प्रोजेक्टर ठेवायच्या माळ्यावर मला माश्या चिकटायच्या सात पट्ट्या गुंडाळलेल्या सापडल्या. खिडकीत कुणी तरी लावल्या असाव्यात. प्रत्येकीवर तारीख आहे. तारखा तुझ्या प्रयोगाच्या आहेत. भिंग घेऊन बसलो. वाळल्यावर लाल डोळा काळपट होतो, पांढरा मात्र पांढराच राहतो, त्यामुळे ओळखायला अडचण नाही. सगळ्यात जुनी पट्टी दुसऱ्या पिढीच्या वेळची आहे. तेव्हा बाटल्यांमध्ये दोन्ही रंग जवळपास सारखेच होते. पट्टीवर लाल चौऱ्याण्णव आहेत. पांढऱ्या तीन.

तुला कळवावंसं वाटलं.

काका

३० जून

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनने सही मागितली, ती काकूंनी केली.

पाकीट केवढं मोठं आणि आत चार ओळी. 'महोदय, पट्ट्या "कुणी तरी" लावल्या नव्हत्या. तारखांचे आकडे कुणाच्या हातचे आहेत? ईथर किती वापरत होता? एप्रन नको.'

महोदय. बरं.

आकडे माझ्या हातचे आहेत. चारचा आकडा मी खुर्चीसारखा काढतो, ते तू ओळखलं असतंस, म्हणून मागच्या पत्रात नुसतं 'तारीख आहे' एवढंच लिहिलं. आता सगळं लिहितो. काकू समोर बसल्यात आणि सगळं लिहिल्याशिवाय चहा मिळणार नाही असं त्यांनी जाहीर केलंय.

ईथरने माझं डोकं दुखायचं. नुसतं दुखायचं नाही, डाव्या डोळ्यामागे कुणी तरी खिळा ठोकतंय असं व्हायचं. नियम असा की कापसाचा बोळा ईथरमध्ये पुरता भिजवायचा, तो बाटलीच्या तोंडाशी धरायचा, माश्या पूर्ण झोपल्या की पांढऱ्या फरशीवर ओतायच्या आणि मग ब्रशने सोळा वेगळ्या करायच्या. चोवीस बाटल्या म्हणजे चोवीस बोळे. सातव्या बाटलीपर्यंत मला समोरच्या खोलीतले सर दोन दोन दिसायला लागायचे, आणि एकच पुरेसे होते हे तुला माहीत आहे.

सांगायला हवं होतं. पण मागे एकाने ईथरची तक्रार केली, तर त्याला दगडांच्या विभागात पाठवलं. तिथे दिवसभर दगडांवरची धूळ पुसायची. दगडाला पिढ्या नसतात गं. काल होता तसाच आज. मला ते सोसलं नसतं.

म्हणून मी बोळा निम्मा भिजवायचो, आणि वास जावा म्हणून मागची खिडकी उघडायचो. माश्या अर्धवट झोपायच्या. फरशीवर ओतल्या की काही उठायच्या आणि उजेडाकडे, म्हणजे खिडकीकडे, पळायच्या. सरांना माश्या उडताना दिसू नयेत म्हणून मी खिडकीत चिकट पट्टी लावली. भरली की गुंडाळून माळ्यावर टाकायचो, कारण टोपलीत टाकली असती तर सरांनी बघितली असती. उरलेल्यांतून डोळे मिटून आठ आणि आठ उचलायचो. डोळे खरोखर मिटायचो. म्हणून सरांना तसं सांगताना मी खोटं बोलतोय असं मला वाटलंच नाही. तुझी शपथ घेऊन सांगतो, सहा वर्षं मला तसं वाटलं नाही. पट्टी भिंगाखाली धरली तेव्हा कळलं.

ज्यांना उजेड दिसत होता त्या खिडकीकडे गेल्या. ज्यांना दिसत नव्हता त्या फरशीवर राहिल्या. तू काळोखाचं कपाट केलंस, त्याला काळी पट्टी लावलीस, फटीसुद्धा बुजवल्यास. आणि त्या माश्यांच्या आयुष्यात जो एकच क्षण उजेडाचा होता, तो माझ्या टेबलावर होता. दर पिढीला. तू म्हणायचीस ना, निवड निसर्ग करतो. तुझ्या चोवीस बाटल्यांचा निसर्ग मी होतो, आणि निसर्गाचं डोकं दुखत होतं.

तू बरोबर मोजलं होतंस. एकवीस म्हणजे एकवीसच होत्या.

काका

२१ जुलै

दुसरं पत्र मिळालं. ते तीन पानी आहे. पहिल्या पानावरचं सगळं मला मान्य आहे. दुसऱ्या पानावरचेही बहुतेक शब्द मान्य आहेत, फक्त 'भ्याड बोका' यातला बोका काकूंना पटला नाही, त्यांच्या मते बोके धीट असतात. तिसऱ्या पानावर तू विचारलंयस की हे सरांना कधी सांगणार. त्याचं उत्तर या पत्राच्या शेवटी आहे.

आधी एक सांगायचं राहिलंय. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी सरांनी तुझ्या सगळ्या बाटल्या उकळून टाकायला सांगितल्या. मी एकवीस उकळल्या. तीन ठेवल्या. का ठेवल्या ते विचारू नकोस, मलाही सांगता येत नाही. दोन पांढऱ्या आणि ती एक मधली. गेली सहा वर्षं त्या माझ्या घरी कपड्यांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात आहेत. दर दोन आठवड्यांनी नवी बाटली. हिशेब केलास तर दीडशेच्या वर पिढ्या झाल्या. आम्ही सहलीला जातो तेव्हा त्याही येतात. एकदा हॉटेलातल्या बाईने बॅग तपासली आणि काकूंना बाजूला घेऊन विचारलं, "तुम्ही सुखरूप आहात ना?"

तर आता मी तुझाच प्रयोग पुन्हा सुरू केलाय, घरी. बारा बाटल्या. लाल माश्या प्रयोगशाळेतून आणल्या, पांढऱ्या कपाटातून. ईथर पूर्ण. खिडकी बंद. डोकं दुखतं, पण दोन गोळ्या आधीच घेतो. माझ्या हातावर माझा विश्वास उरला नाही, म्हणून उचलण्याचं काम काकूंकडे दिलंय. मी माश्या झोपवतो, नर आणि माद्या वेगळ्या रांगेत मांडून बाहेर जातो. मग काकू त्यांच्या हाउजी खेळायच्या पिशवीतून आकडे काढतात आणि त्या त्या क्रमांकाची माशी उचलतात.

पहिल्या दिवशी मी दाराच्या फटीतून बघत होतो. काकूंनी एक माशी उचलली, जवळ धरून बघितली आणि म्हणाल्या, "ही तर फार गोड आहे. पण आकडा बावन्न आलाय." आणि ती परत ठेवली. एकतीस वर्षांत मला हे जमलं नाही.

सरांना सांगणार आहे. आधी बाटल्यांचं काय होतंय ते बघतो. रिकाम्या हाताने गेलो तर ते विचारतील की पुरावा काय.

काका

२ सप्टेंबर

तू पत्र लिहिलं नाहीस, पण कोरा कागद पाठवलास त्यावर फक्त 'आकडे' एवढं लिहून. म्हणून आकडे पाठवतो. वेगळ्या कागदावर आहेत. चार पिढ्या झाल्या. एक बाटली पांढऱ्याकडे निघालीय, तिचा वेग बघून काकू तिला 'घाईची' म्हणतात. चार नंबरची तिसऱ्या पिढीत जवळजवळ लाल झाली होती, चौथ्यात परत मागे आली. कशामुळे? कशामुळेच नाही. काकूंच्या पिशवीतून तसे आकडे निघाले. हे मला एकतीस वर्षं शिकवलं गेलं, पाठही होतं, परीक्षेला बसलेल्या मुलांना मी दाराशी उभा राहून सांगायचो. पण आमच्याच घरात, आमच्याच टेबलावर, काही कारण नसताना एक बाटली लाल आणि शेजारची पांढरी होताना बघितली तेव्हा मी जरा वेळ खुर्चीत बसून राहिलो.

काकूंना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "माझ्या माहेरी सगळ्यांची नाकं अशीच आहेत. कुणी निवडून आणली होती?"

गेल्या आठवड्यात मात्र घोटाळा झाला असता. सर घरी आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. निवृत्तीच्या कागदावर सही हवी होती, शिपायाबरोबर पाठवली असती तरी चाललं असतं. बैठकीत बसले, पाणी प्यायले आणि मान वर करून म्हणाले, "यीस्टचा वास येतोय."

काकू म्हणाल्या, "पाव भाजतेय."

सर म्हणाले, "वा." आणि पावाची वाट बघत दीड तास बसले. शेवटी काकूंनी शेजारून पाव आणला. सरांनी तो खाल्ला, छान झालाय म्हणाले. दारात चपला घालताना मला विचारलं, "ती मुलगी कुठे असते हल्ली, काही कळलं का?"

मी म्हटलं, नाही सर.

हे दुसरं खोटं. पहिलं खोटं होतं की नाही त्यावर वाद घालता येईल, यावर येणार नाही. पण मला वाटलं तुला विचारल्याशिवाय पत्ता कसा द्यायचा. देऊ का?

काका

१ नोव्हेंबर

काल निरोप समारंभ झाला. सविस्तर लिहितो, कारण दुसऱ्या कुणाकडून ऐकलंस तर ते वेगळं सांगतील.

सभागृहात चाळीसेक माणसं होती. दगडांच्या विभागातलेही आले होते, बिस्किटांसाठी. सर बोलायला उभे राहिले. सर माझ्याबद्दल इतकं बोलतील असं मला वाटलं नव्हतं. म्हणाले, या माणसाच्या हातांवर मी डोळे झाकून विश्वास ठेवला. म्हणाले, संशोधकाचं नाव होतं, पण काम असे निरपेक्ष हात करतात. टाळ्या पडल्या. मला घड्याळ दिलं. मग कुणी तरी म्हणालं, दोन शब्द बोला.

काकू पहिल्या रांगेत बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत पट्ट्या आणि बारा बाटल्यांची वही. त्यांनी पिशवी पुढे केली. रंगीत कागदात बांधलेलं काही तरी आहे असं समजून लोक परत टाळ्या वाजवायला लागले.

मी पहिली पट्टी उलगडली. समोरच्या बाईंनी पाय वर घेतले.

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. काकू म्हणतात, मी आधी सगळ्यांना नमस्कार केला आणि मग म्हटलं, "सर, माझे हात निरपेक्ष नव्हते. डोकं दुखत होतं." मग सगळं सांगितलं. निम्मा बोळा, खिडकी, पट्टी, तू, मी तुझ्यासमोर काय म्हटलं ते. नव्या बारा बाटल्यांचे आकडे वाचले. आठ पिढ्यांनंतर पाच बाटल्या पांढऱ्याकडे, सहा लालकडे, एक अजून मधोमध. म्हणजे पोरीचा अंदाजही बरोबर होता आणि पोरीची मोजणीही बरोबर होती, चुकला तो मधला माणूस.

 सर उठले, माझ्या हातातून पट्टी घेतली, खिशातलं भिंग काढलं आणि उभ्या उभ्या मोजायला लागले. एक, दोन, तीन. मनात नाही, मोठ्याने. चहा आला, चहा निवला. पस्तीसला कुलसचिव घड्याळ बघत निघून गेले. सत्त्याण्णवला सर थांबले.

"हे सहा वर्षं तुमच्याकडे होतं," सर म्हणाले.

"माळ्यावर होतं, सर. मला कळलं जूनमध्ये."

"आणि मला आज सांगताय."

"आज निवृत्त झालो, सर."

मागे कुणी तरी हसलं. सर हसले नाहीत. पट्टी घडी करता येत नाही, चिकटते, पण त्यांनी ती घडी केली, कोटाच्या खिशात घातली आणि निघून गेले. त्या कोटाचं आता काही खरं नाही.

मग काकूंनी उरलेली बिस्किटं लोकांना वाटली. घरी येताना त्या म्हणाल्या, "तुम्ही बरं बोललात." एवढंच. घड्याळ चालत नाहीये.

काका

१२ नोव्हेंबर

पत्ता द्यायची परवानगी दिलीस त्याबद्दल आभार. 'द्या, पण त्यांनी माफी मागायला पत्र लिहिलं तर मी ते शुद्धलेखन तपासून परत पाठवीन' हे मी सरांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

हो, सर आले होते. काल सकाळी. दहा दिवस त्यांचा काही पत्ता नव्हता आणि अचानक दारात उभे, हातात फाइल. मला वाटलं माझं निवृत्तिवेतन अडवायचा कागद असेल. काकूंनी आज पाव भाजत नाही हे आधीच सांगून टाकलं. सर म्हणाले, "माहीत आहे. कपाटात किती बाटल्या आहेत, दाखवा."

मी दाखवल्या. ते माझ्या शर्टांच्या खाली गुडघे टेकून बसले आणि बराच वेळ बघत राहिले. मग तिथेच, जमिनीवर, त्यांनी फाइल उघडली.

त्यात तुझे अहवाल आहेत. बारा. संशोधक विद्यार्थ्याचा दर सहा महिन्यांनी जो प्रगतीचा अहवाल मार्गदर्शकाने द्यायचा असतो, तो. तू गेल्यानंतरचे बारा. मी एकेक वाचला. पहिल्यात लिहिलंय, 'प्रगती समाधानकारक.' दुसऱ्यात, 'प्रगती समाधानकारक.' चौथ्यापर्यंत सरांना बहुधा तेच तेच लिहिण्याची लाज वाटायला लागली, कारण तिथे 'विद्यार्थिनी सध्या वाचन करत आहे' असं आहे. सातव्यात, 'विद्यार्थिनीने माहितीचा नव्याने विचार सुरू केला आहे.' दहाव्यात तुला ताप आला होता.

मी सरांकडे बघितलं. ज्यांनी एका मुलाला दशांश चिन्ह चुकल्याबद्दल वर्षभर थांबवलं, ते सर.

"म्हणजे तिचं नाव अजून आहे?" मी विचारलं.

"नाव काढण्याचा अर्ज तीनदा लिहिला," सर म्हणाले. "सही करायच्या वेळी पेन सापडत नव्हतं."

काकू दारातून म्हणाल्या, "तुमच्या खिशाला तर कायम दोन असतात."

सरांनी खिशाकडे बघितलं. "हो," म्हणाले.

 बाटल्यांत माश्या तेवढ्या हलत होत्या. सर म्हणाले, "मी तिच्या मोजणीवर संशय घेतला. कारण मोजणी तिची होती. उचल मी एकोणीस पिढ्यांत एकदाही बघायला आलो नाही. आलो असतो तर मला ईथरचा वास कमी आला असता, खिडकी दिसली असती. मी माझ्या खोलीत बसून शक्यता काढत होतो." मला वाटलं ते पुढे आणखी काही म्हणतील, पण त्यांना जमिनीवरून उठता येईना. मी एक हात दिला, काकूंनी एक.

जाताना त्यांनी तुला सांगायला सांगितलंय, आणि मी सांगतोय, त्यात माझं काही नाही. तुझ्या नोंदणीची मुदत मार्चअखेर संपते. त्याच्या आत प्रयोग पुन्हा करून दिलास तर ते जुने निकालही त्याच प्रबंधात जातील, पट्ट्यांसकट, आणि झालेली चूक कुणाची ते नावानिशी लिहिलं जाईल. दोन नावं. सर म्हणाले, "तिच्यावर जोर टाकू नका." मी टाकत नाही. तारीख कळवतोय.

काका

२९ नोव्हेंबर

चिमटेबाई,

पार्सल काल मिळालं. सर आणि मी दोघं प्रयोगशाळेत होतो, कारण सरांनी त्या बारा बाटल्या तिथे आणून त्यांतल्या माश्यांपासून चोवीस नव्या भरल्यात, कपाट रिकामं केलंय आणि फटी स्वतः बुजवल्यात. निवृत्त माणसाला आत येऊ देता येत नाही असं द्वारपाल म्हणाला, तेव्हा सरांनी वहीत माझ्या नावापुढे 'पाहुणे' लिहिलं. काकूंच्या नावापुढेही.

पार्सलात पत्र असेल म्हणून सरांनी कागद हळूहळू सोडला, दोरीसुद्धा कापली नाही. आत पत्र नव्हतं. रजिस्टर होतं. चोवीस रकाने, तुझ्या हाताने आखलेले, लाल शाईने. पहिल्या पानावर सूचना होत्या. सरांनी त्या मोठ्याने वाचल्या. ते पहिलं वाक्य वाचून थांबले आणि चष्मा पुसून परत वाचलं.

'माश्यांची निवड फक्त काकूंनी करावी. हाउजीची पिशवी वापरावी. काकांनी जेवण शिजवावं आणि ईथरच्या वेळी खोलीत थांबू नये, त्यांचं डोकं दुखतं. बाटल्या सर झोपवतील, त्यांना सवय होऊ दे. निकाल हातात येईपर्यंत सरांनी निकालाबद्दल एक शब्दही बोलू नये. मोजणी मी करीन. दर दुसऱ्या शनिवारी सकाळच्या गाडीने येईन. स्टेशनवर कुणी येऊ नये.'

सर म्हणाले, "सूचना स्पष्ट आहेत."

मी म्हटलं, "पाकिटांच्या मागचा मजकूर लिहून लिहून हात बसलाय तिचा."

सरांनी पुन्हा एकदा पान बघितलं. मग रजिस्टर काकूंपुढे ठेवलं, आणि मी त्यांना असं कुणाला म्हणताना कधी ऐकलं नव्हतं, म्हणाले, "बाई, आता तुम्ही सांगाल तसं."

तर आज सकाळी पहिल्या पिढीची उचल आहे. जेवण मी पहाटेच शिजवून ठेवलंय, गुठळी नाही. सरांनी चोवीस बाटल्या झोपवल्या, अकराव्या बाटलीशी कपाळ धरून बसले होते, पण पुढचा बोळाही पुरता भिजवला. माश्या मांडून झाल्या आणि काकूंनी चष्मा लावला, बाह्या वर केल्या आणि आम्हा दोघांना दाराकडे बोट दाखवलं.

हे पत्र मी बाहेरच्या बाकावर बसून लिहितोय. सर शेजारी आहेत. तास झाला. आतून फक्त पिशवीतल्या आकड्यांचा खडखडाट येतो आणि मधूनच काकूंचा आवाज, "नाही, तू नाहीस. बस खाली."

सरांनी मला आत्ताच विचारलं, "आपण जरा डोकावून बघायचं का?"

मी म्हटलं, "नको, सर."

ते म्हणाले, "नको." आणि सरकून भिंतीला टेकून बसले.

काका